पोस्टकार्डाचा फोटो-प्रकल्प: नववीच्या वर्गाकडून कसा करून घ्याल

मी पाटण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. पाऊस ओसरायला लागला की नववीच्या वर्गाकडून एक काम करून घेते. प्रत्येकानं एका माणसासाठी एक फोटो काढायचा, त्याचं पोस्टकार्ड करायचं, मागं हातानं चार ओळी लिहायच्या आणि तिकीट लावून ते खरोखर पोस्टात टाकायचं. आसपासच्या शाळांतले कलाशिक्षक ‘हे नक्की कसं करता’ म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. कॅमेरा लागत नाही. घरातला कुठलाही मोबाइल चालतो, आणि तो चार मुलांत एक असला तर उलट बरंच.

खरोखर पोस्टात टाकण्यावर माझा फार जोर असतो. कार्डशीटवर चिकटवून फाईलला लावायचं म्हटलं की मुलं फाईलसाठी फोटो काढतात: सूर्यास्त, गुलाबाचं फूल, धबधबा, आणि गळ्यात हात टाकून उभे असलेले चार मित्र. तेच कार्ड कोपरखैरण्याच्या खोलीत काका रात्री पाळीवरून आल्यावर वाचणार आहेत म्हटलं, की मुलगा धबधब्यावरून खाली येतो. काकांना धबधबा माहीत आहे. मग त्यांना काय माहीत नाही? इथून प्रकल्प सुरू होतो.

आधी माणूस

पहिल्या तासाला मोबाइल काढूच देत नाही. वहीत एक नाव लिहायचं. अट एवढीच, की तो माणूस आपल्या घरात राहत नसावा आणि त्याला पोस्टमन गाठू शकला पाहिजे. आमच्या भागातल्या प्रत्येक वर्गात कुणाचा बाप, कुणाचा चुलता वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, कुणाचा भाऊ पलटणीत आहे, कुणाची आत्या लग्न होऊन घाटाखाली चिपळुणात गेलेली आहे. तुमच्या गावाची माणसं वेगळीकडे गेली असतील. नाव मात्र एकच हवं. ‘माझे सर्व मित्र’, ‘देशाचे सैनिक’, ‘शेतकरी राजा’ असलं काही आलं की मी वही परत करते. सगळ्यांना लिहिलेलं पत्र कुणालाच लिहिलेलं नसतं, आणि फोटोचंही तसंच होतं.

पत्ता मिळवणं हा गृहपाठ. तो फोनवर विचारून स्वतःच्या हातानं लिहून आणायचा. नववीतल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात पत्ता लिहिलेला नसतो. ‘लोकेशन पाठवतो’ एवढंच त्यांना ठाऊक असतं. खोली नंबर, सेक्टर, मार्फत कोण, पोस्ट कोणतं, हे विचारताना त्या माणसाचं तिकडचं राहणं पहिल्यांदा नीट कळतं. एका पोराला तेव्हा समजलं, की बापाच्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी पाच जण राहतात आणि पत्रं खालच्या दुकानदाराच्या मार्फत येतात.

पिनकोडला पंधरा मिनिटं द्याच, मुलांना तो फार आवडतो. आपल्या कोकणातल्या वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी, यांनी ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली. पहिला आकडा विभागाचा: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चारमध्ये येतात. लष्कराच्या टपालाचा पिन नवानं सुरू होतो. त्यामुळे ज्याचा भाऊ सैन्यात आहे त्याच्या पत्त्यात गावाचं नावच नसतं, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढंच (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस). भाऊ नेमका कुठं आहे हे कार्डालासुद्धा कळत नाही, ही गोष्ट वर्गाला भलतीच थरारक वाटते.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एखादा मुलगा काही महिने वर्गात बसून पुन्हा बीडकडे गेलेला असतो, आणि दोघातिघांना त्यालाच लिहायचं असतं. पक्का पत्ता नसतो. अशा वेळी त्याच्या गावच्या शाळेच्या मार्फत पाठवा. शाळेचा पत्ता सापडतो, आणि हंगाम संपल्यावर मुलगा गावी असला की कार्ड त्याला मिळायची शक्यता बरी असते.

मग मजकूर

फोटोच्या आधी मजकूर लिहून घ्यायचा, हा क्रम मोडू नका. फोटो आधी काढला, की मजकूर त्याच्या खाली लिहिलेल्या नावासारखा होतो: ‘हा आमचा बैल आहे.’

मर्यादा चाळीस शब्द. कार्डाच्या डाव्या अर्ध्या भागात नववीच्या अक्षरात तेवढंच बसतं. बंदी पुढच्या गोष्टींना: सुविचार, चारोळ्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा, ‘तुझी खूप आठवण येते’, आणि ‘आम्ही सर्व मजेत आहोत’. आठवण येते हे लिहायचं नाही, कशामुळे आली ते लिहायचं. शेवटी एक प्रश्न हवाच, एका ओळीत उत्तर देता येईल असा. प्रश्न नसलेल्या कार्डांना उत्तरं येत नाहीत.

मायना मात्र घरच्या रीतीचा असू दे. वर ‘श्री’, मोठ्यांना ‘ती.’ किंवा ‘सा. न. वि. वि.’, धाकट्यांना ‘चि.’, शेवटी ‘कळावे’. ही अक्षरं काय म्हणतात हे आजोबांना विचारून या म्हटलं की घरात एक संध्याकाळ त्यावरच जाते. काही मुलं ‘हाय आत्या’ लिहितात, तेही मी खोडत नाही. आत्याला ती तसंच बोलवत असेल तर तेच खरं.

कोरड्या मुलांसाठी एक उदाहरण माझ्याकडे असतं. ओन कावारा नावाचा जपानी चित्रकार १९६८ ते १९७९ या काळात रोज दोन टुरिस्ट पोस्टकार्डं ओळखीच्या माणसांना पाठवायचा. मागं रबरी शिक्क्यानं एकच मजकूर: मी अमुक वाजता उठलो. बास. आज हे संग्रहालयात मांडतात, असं सांगितलं की मागच्या बाकावरची मंडळी जागी होतात. त्यातल्याच एकानं आजोळी लिहिलं, ‘मामा, आज मी ५ वाजून १० मिनिटांनी उठलो. म्हैस आधीच उठली होती. तुमची किती वाजता उठते?’ या कार्डात मला काही दुरुस्त करण्यासारखं दिसलं नाही.

फोटो

आता मोबाइल काढायचे. माझा एकच नियम आहे आणि सगळा प्रकल्प त्याच्यावर उभा आहे: मजकुरात जे लिहिलंय ते फोटोत दाखवायचं नाही. फोटोनं मजकुरात नसलेली गोष्ट सांगायची.

हे ऐकून मुलं गोंधळतात, म्हणून एक कार्ड नीट उलगडून सांगते. एका मुलीनं मुंबईच्या काकांना लिहिलं होतं: ‘ती. काका, मोरीतला नळ अजून गळतोय. आजी रात्री खाली कळशी ठेवते, सकाळपर्यंत भरते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तुम्ही गणपतीला येणार की दिवाळीला?’ पहिल्यांदा तिनं अर्थातच नळ काढला, थेंबासकट. थेंब टिपायला दुपार घालवली होती, आणि फोटो तसा चांगलाही होता. पण नळ गळतोय हे काकांनी वाचलंच होतं. मी विचारलं, घरात या नळाशी संबंधित आणखी काय आहे? ती थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘नवीन नळ आणलाय ना बाई. दिवळीत आहे.’ दुसऱ्या दिवशी तिनं दिवळी काढली. मातीच्या भिंतीतला कोनाडा, चिमणीच्या काजळीनं काळा झालेला, आत उदबत्तीचा पुडा, आजीच्या चष्म्याचं घर, आणि मधोमध प्लास्टिकच्या पिशवीत न उघडलेला चकचकीत नळ. किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. नवा नळ घरात पडून आहे हे मजकुरात कुठंच नाही. आजी कशासाठी थांबली आहे ते काकांना कार्ड उलटल्यावर कळणार होतं.

एवढं एक उदाहरण दाखवलं की नियम पुन्हा सांगावा लागत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. जोडीदारानं आधी फक्त मजकूर वाचायचा आणि फोटोत काय असेल ते ओळखून सांगायचं. पहिल्या झटक्यात ओळखलं तर फोटो पुन्हा काढायचा.

प्रत्येकाला बारा फोटो, जास्त नाही. काढलेला पुसायचाही नाही. रोलच्या जमान्यात छत्तीस फोटोंत अख्खं लग्न उरकायचं, तर तुम्हाला एका कार्डासाठी बारा रग्गड झाले, असं मी सांगते. मर्यादा घातली की मूल दाबण्याआधी पाहतं. चार जणांत एक मोबाइल असेल तर ही मर्यादा आपोआपच सांभाळली जाते.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगते, कारण त्या खरंच थोड्या आहेत. लेन्स रुमालानं पुसा. आपल्या मुलांच्या मोबाइलवर तेलाचा आणि मिश्रीचा थर असतो आणि निम्मे धुरकट फोटो त्यानंच येतात. झूम करायचं नाही, चालत पुढं जायचं. फ्लॅश बंद. चेहरा गोरा करणारं आणि मागचं धूसर करणारं जे काही मोबाइलमध्ये असेल ते बंद. फोटोतल्या उजळ भागावर बोट ठेवायचं आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं, म्हणजे आभाळ आणि पांढरे सदरे जळत नाहीत. चौकटीच्या रेघा सुरू ठेवा. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या मुलांना वस्तुचित्राची मांडणी माहीत असते. तीच इथं, फक्त वस्तू हलवायची नाही, आपण हलायचं.

उजेड घराच्या आतला घ्या. सोप्यात, दाराच्या आत दोन पावलांवर, सकाळच्या नऊपर्यंत जो उजेड येतो त्यात काहीही ठेवा, सुंदर दिसतं: तांब्या, वही, म्हातारे हात. दुपारच्या उन्हात अंगणात काढलेले फोटो करपतात. पत्र्याच्या घरात छतातल्या प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यातून उजेडाचा एक चौकोन जमिनीवर पडतो. तो दिवसभर सरकतो. त्याच्या मागं लागलेली पोरं चांगले फोटो आणतात.

माणसांचे चेहरे काढायला मी मनाई करत नाही, पण उत्तेजनही देत नाही. ज्याचा फोटो काढला त्याला तो दाखवून ‘पाठवू का?’ असं विचारायचं, तो लहान असला तरी. आणि प्रकल्प सुरू होण्याआधीच पालकांच्या सहीचं संमतीपत्र घ्या. त्यात दोन वेगवेगळ्या ओळी असाव्यात: एक कार्ड पाठवायला संमती, दुसरी प्रदर्शनात लावायला. पहिलीला हो आणि दुसरीला नाही म्हणणारे पालक असतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

निवड

बारा फोटोंमधला एक निवडायला झेरॉक्सवाल्याकडून ए-४ कागदावर बाराही छोटे-छोटे, काळे-पांढरे छापून घ्या. रंग गेला की मांडणी दिसते. कागद जमिनीवर पसरायचे, बाकीच्यांनी बोलायचं, ज्याचे फोटो आहेत त्यानं गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. शेवटी निवड मात्र त्याचीच.

छपाई

इथं बरीच कार्डं वाया जाऊ शकतात, म्हणून सावकाश वाचा.

स्टुडिओवाल्याला ‘पोस्टकार्ड साइज’ म्हटलं की तो चार बाय सहा इंचाचा फोटो देतो. ‘नीट’ परीक्षेच्या फॉर्ममुळे हा आकार त्याच्या हाताखालचा झालाय. पण चार बाय सहा म्हणजे साधारण १०.२ बाय १५.२ सेंटिमीटर, आणि पोस्टकार्डाची कमाल मर्यादा १०.५ बाय १५ सेंटिमीटर आहे. दोन मिलिमीटर लांबी जास्त होते. शिवाय स्टुडिओच्या कागदाची मागची बाजू गुळगुळीत असते. बॉलपेन त्यावर घसरतं, आणि पावसाळी हवेत शाई हाताला लागते. कायमच्या शाईचं मार्करपेन चालतं, पण त्यानं चाळीस शब्द लिहिले की अक्षर बटाट्याएवढं होतं.

म्हणून मी ए-६ आकार धरते. १०.५ बाय १४.८ सेंटिमीटर. मर्यादेत चपखल बसतो आणि ए-४ कागदाचे बरोबर चार तुकडे म्हणजेच ए-६, त्यामुळे कुणालाही समजावून सांगता येतो. डिजिटल छपाईच्या दुकानात बारा बाय अठरा इंचाच्या शीटवर अशी आठ कार्डं बसतात आणि कडेला कटिंगपुरती जागा उरते. तीनशे जीएसएमचं (हे कागदाच्या जाडीचं माप) कार्ड मागा, आणि मागची बाजू चकचकीत नसलेलं मागा. दुकानदार ‘मॅडम, वरून लॅमिनेशन करून देतो, टिकेल’ म्हणतोच. नको म्हणा. लॅमिनेशनवर पेन चालत नाही आणि पोस्टाचा शिक्का पुसून निघतो. मला तर तो शिक्का फोटोइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणखी तीन गोष्टी. बहुतेक मोबाइल चारास-तीन या प्रमाणात फोटो काढतात आणि ए-६ त्याहून लांबट आहे. छापताना आडव्या फोटोची वरची-खालची पट्टी कापली जाते, त्यामुळे काढतानाच वर आणि खाली थोडी मोकळी जागा सोडायला शिकवा. दुसरं, फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की त्याचा जीव कमी होतो. या आकाराच्या चांगल्या छपाईला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर केबल लावून घ्या. तिसरं, छापलेला फोटो पडद्यावरच्यापेक्षा नेहमी काळपट येतो, तेव्हा आधी एकच शीट काढून बघा.

कोपऱ्यांचंही बघा. सजावटीच्या नादात मुलं एखादा कोपरा कात्रीनं तिरका उडवतात किंवा फाडून ‘जुना लूक’ देतात. आपल्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. साठीच्या पुढच्या माणसाच्या हातात असं कार्ड पडलं तर मजकूर वाचायच्या आधीच त्याला धस्स होईल. मशीननं चारही कोपरे गोल करून घेतले तर हरकत नाही. आनंदाची बातमी असेल तर जुन्या रीतीनं कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावू द्या. मुलींना ते आवडतं आणि छापील सजावटीपेक्षा छान दिसतं.

पत्त्याची बाजू

मागच्या बाजूच्या मधोमध पेन्सिलीनं उभी रेघ. उजवीकडे पत्ता, वर उजव्या कोपऱ्यात तिकिटाची जागा, डावीकडे मजकूर. ही मधली रेघ वाटते तितकी जुनी नाही. पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ ला निघालं, आपल्याकडे १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं कार्ड आलं, पण ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत एक अख्खी बाजू पत्त्यासाठीच राखीव असायची. चित्राचं कार्ड पाठवणारे लोक मजकूर चित्राच्या कडेनं, आभाळात, समुद्रात, मिळेल तिथं कोंबायचे. एखाद्या मुलाला असं फोटोवरच लिहायचं असेल तर लिहू द्या, मात्र आभाळ रिकामं ठेवूनच फोटो काढायला सांगा.

आधी कच्च्या कागदावर त्याच आकारात लिहून घ्या, मग पक्कं. निळं किंवा काळं बॉलपेन. जेलपेन पाण्याच्या एका थेंबात पसरतं. पत्ता मराठीत चालतो. राज्याबाहेर जाणार असेल तर खाली हिंदीत किंवा इंग्रजीतही लिहा. पिनकोडचे सहा आकडे सुटे-सुटे. पाठवणाऱ्याचा पत्ता शाळेचा घाला, घरचा नको. मोबाइल नंबर अजिबात नको. उघडं कार्ड आहे, वाटेत दहा हातांतून जाणार.

जे उघड्या कार्डावर मावत नाही

ते दहा हात मजकूरही वाचू शकतात, हे मुलांना स्पष्ट सांगा. आणि तरीही काही मुलं असं काही लिहितील की वाचताना तुमचा हात थांबेल.

भाऊ सैन्यात असलेल्या एका मुलानं लिहिलं होतं, ‘दादा, सर्जा विकला. बाबांनी तुला फोनवर सांगितलं नाही कारण तू चिडशील. दावं अजून तिथंच आहे.’ फोटो त्या दाव्याचाच, माझा नियम मोडून. तरी वर्गात सगळ्यांना आवडला. पण मी त्याला एवढंच विचारलं, की दादाला ही बातमी तुझ्याकडून, कार्डावर आणि घरापासून इतक्या लांब कळावी असं तुला वाटतं का? तो घरी जाऊन बापाशी बोलला. बापानं त्या रात्री फोन करून थोरल्याला सांगितलं, आणि मग कार्ड गेलं. मजकूर बदलून: ‘दावं अजून काढलं नाही.’

घरच्यांनी लपवलेली बातमी कार्डानं फुटू नये, हे पाहणं शिक्षकाचं काम आहे. पण मजकूर गोड करणं शिक्षकाचं काम नाही. बापाच्या दारूबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल, भांडणाबद्दल मुलानं लिहिलं आणि त्याला ते पाठवायचंच असेल, तर त्याला पाकीट द्या. फोटो तोच, कागद तोच, फक्त पाकिटात बंद. पोस्टात पाच रुपयांचं पाकीट मिळतं. असं कार्ड प्रदर्शनात लावायचं नाही, त्याबद्दल वर्गात बोलायचं नाही. आणि लिहिलेलं वाचून मूल सुरक्षित नाही असं वाटलं, तर प्रकल्प बाजूला ठेवून मुख्याध्यापकांशी बोला. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ती वर्गाच्या भिंतीवरही लावून ठेवा.

पोस्टात

कार्ड एकदा गेलं की गेलं. म्हणून टाकण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, खिडकीच्या उजेडात, मोबाइल कार्डाला समांतर धरून काढून ठेवा. प्रदर्शन त्यांच्यावरच होणार आहे. पत्त्याचा भाग प्रदर्शनाच्या प्रतीत झाका. सैन्यातल्या भावाचा तर नक्कीच, तिथं युनिटचं नाव असतं.

तिकिटाचं असं आहे. पोस्टाचं स्वतःचं साधं कार्ड पन्नास पैशांना मिळत आलंय, छापील कार्डाचा दर सहा रुपये. आपण घरी बनवलेलं, एका बाजूला छापील फोटो आणि दुसऱ्या बाजूला हातानं लिहिलेलं कार्ड कुठल्या दरात धरतात, हे नमुना घेऊन आपल्या पोस्टाच्या काउंटरवर विचारा. मी सहा रुपयांचीच तिकिटं लावते, म्हणजे वाटेत कुणी हरकत काढत नाही. कमी तिकीट लावलेलं कार्ड नॉटपेड होतं आणि दंड भरावा लागतो तो घेणाऱ्याला. आपलं कार्ड बघायला काकांनी पैसे मोजावेत, हे काही बरं नाही.

सगळा वर्ग घेऊन पोस्टात जा. पोस्टमास्तरांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. सकाळी डाक फोडायच्या वेळी तीस पोरं दारात उभी राहिली तर कोणीही वैतागेल. दुपारी निवांत असतं. कार्डं पेटीत न टाकता काउंटरवर द्या, आणि शिक्का ठसठशीत मारा अशी विनंती करा. मुलांना बघू देत असतील तर फारच छान. डाक कशी बांधतात, बटवडा कसा होतो, हे पोस्टमनदादांच्या तोंडून ऐकणं माझ्या कुठल्याही तासापेक्षा चांगलं होतं. ९ ऑक्टोबरचा जागतिक टपाल दिन गाठता आला तर पोस्टातली मंडळी उत्साहात असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कार्डं पोचतातही.

उत्तरं आणि प्रदर्शन

उत्तरं बहुतेक फोनवर येतात. कार्डावर उत्तर यावं असा हट्ट धरू नका. काका फोनवर काय म्हणाले ते त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत, वहीत लिहून आणायचं. ‘काकांना आवडलं’ चालणार नाही. काही कार्डं पत्ता सापडला नाही म्हणून शाळेत परत येतात. त्यांच्यावर जास्तीचे शिक्के आणि पोस्टमनच्या अक्षरातला शेरा असतो, त्यामुळे ज्याचं परत आलं ते मूल आधी हिरमुसतं आणि नंतर तेच सगळ्यांना दाखवत फिरतं. पत्ता दुरुस्त करून नव्या कार्डावर पुन्हा पाठवा, परत आलेलं ठेवून घ्या.

प्रदर्शनाला भिंतीवर चिकटवू नका. वर्गात या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधा, मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर, आणि कार्डांच्या प्रती कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा, म्हणजे बघणाऱ्याला हातात धरून उलटता येतात. आधी फोटो, मग मजकूर, मग पुन्हा फोटो. खाली फोनवर आलेलं उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर. फोटोला शीर्षक नको आणि विद्यार्थ्याचं नाव मागच्या बाजूला. पालकसभेच्या दिवशीच लावा, नाहीतर बघायला कोणी येत नाही.

मुख्याध्यापक पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढा म्हणतील. मी काढत नाही. गुण द्यावेच लागतात तेव्हा ते कच्च्या कागदांना देते: किती वेळा मजकूर खोडला, बारांतला कुठला फोटो का टाकला, पत्ता स्वतः मिळवला का. शाळेला बक्षीस द्यायचंच असेल, तर पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी तिकिटांचा एक संच आणून कपाटात ठेवायला सांगते.